वाट न सांगितल्याबद्दल आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र मी आपल्या घरी आणून देऊ शकलो असतो, कारण इंग्लंडमधील प्रेस्टन शहरात आपल्या दोघांच्या घरांत चालत पंधरा मिनिटांचेही अंतर नाही. परंतु समोर बसून कोणी आभार मानू लागले की आपण चहाचे आधण ठेवायला उठून जाता, हे मला गेल्या दोन वर्षांत पुरते कळून चुकले आहे. शिवाय इथल्या ओळखीतील दोन-तीन मराठी मंडळी हल्ली मला लेक डिस्ट्रिक्ट या वायव्य इंग्लंडमधील डोंगराळ भागातल्या पळण्याच्या लांब शर्यतींबद्दल विचारत असतात. त्यांनाही वाचता यावे म्हणून पत्र उघडे ठेवले आहे. आपले नाव मात्र आपल्या इच्छेप्रमाणे त्यात घातलेले नाही.

मी प्रथम आपल्याकडे आलो तो फेल रनिंग, म्हणजे उत्तर इंग्लंडमधील 'फेल' म्हणवल्या जाणाऱ्या उघड्या डोंगरांवरून पळणे, शिकायला आलोच नव्हतो. दोन मॅरेथॉन झाल्या होत्या, पुण्यात असताना कात्रज ते सिंहगड रात्रीतून अनेकदा केले होते, आणि डोंगर आपल्याला नवा नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मला आपल्याकडून फक्त बॉरोडेल शर्यतीच्या मार्गाची जीपीएक्स फाइल हवी होती, म्हणजे ती घड्याळात भरून त्या रेषेवरून पळता येईल. रॉस्थवेट गावातून निघायचे, बेसीबूट, एस्क हॉज, स्कॅफेल पाइक, स्टाय हेड, ग्रेट गेबल, होनिस्टर खिंड आणि डेल हेड असे करत पुन्हा रॉस्थवेटला यायचे; अंतर सुमारे २७ किलोमीटर, चढाई सुमारे २,००० मीटर. फेल रनर्स असोसिएशनच्या वर्गवारीतील 'एएल' या अक्षरांचा अर्थ मी वाचून आलो होतो: 'ए' म्हणजे दर किलोमीटरला सरासरी किमान ५० मीटर चढ आणि 'एल' म्हणजे २० किलोमीटर किंवा त्याहून अधिक लांबी. आपण मात्र कॅलेंडरात अशा शर्यतींपुढे छापलेल्या दुसऱ्या अक्षरांवर बोट ठेवलेत. ईआर, म्हणजे अनुभव हवा. एनएस, म्हणजे दिशा काढता आली पाहिजे. मग आपण विचारलेत, "पायांचं नंतर बघू. स्कॅफेल पाइकवर ढगात एकटा उभा असशील, तर कुठल्या बाजूला उतरशील?"

मला सांगता आले नाही, आणि फाइलही मिळाली नाही. त्या दिवशी तो मला तुसडेपणा वाटला होता, हे आज कबूल करतो.

सह्याद्रीत वाट चुकली तर वाडीत जाऊन कुणा मामांना विचारता येते, आणि मामा बहुधा अर्धी वाट सोबतही येतात. खडकांवर रंगवलेले बाण असतात, पुढे कुठला तरी ग्रुप असतो. माझे सगळे डोंगरज्ञान या लोकांच्या भरवशावर उभे होते, आणि ते मला ठाऊकही नव्हते. फेल शर्यतीत दोन चेकपॉइंटांच्या मधली वाट बहुतेक वेळा आखलेली नसते. ती ज्याने त्याने नकाशावरून ठरवायची, आणि चुकली तर ज्याची त्याने निस्तरायची.

शिकवणीची सुरुवात आपण लँकेस्टरजवळच्या क्लाउग्या पाइकवर केलीत. अवघ्या ४१३ मीटरांची ती टेकडी पाहून मी मनातल्या मनात हसलो होतो. पुढे ग्रिट फेल आणि वॉर्ड्स स्टोन या बाजूला पसरलेले पीटचे, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या, ओल्या मातीचे, माळरान धुक्यात बुडाल्यावर हसू आपोआप ओसरले, कारण तिथे चारी बाजू सारख्याच दिसतात. नकाशा उत्तरेशी जुळवून धरायचा आणि आपण आहोत त्या जागी अंगठा ठेवून तो सरकवत राहायचे, हे तिथेच शिकलो. शंभर मीटरांना माझी चालताना पासष्ट दुहेरी पावले पडतात, हेही तिथेच मोजले. कुंपणाला नेमक्या एका बिंदूवर भिडायचे असेल तर मुद्दाम थोडे डावीकडे रोख धरावा, म्हणजे कुंपण लागताच उजवीकडे वळायचे हे निश्चित असते, ही युक्ती मला आजही फार चतुर वाटते. नेम धरून चुकणे हे वरवर वेडेपणाचे वाटते खरे. पण नेमका नेम धरून किंचित चुकलेला माणूस कुंपणापाशी डावीकडे जाऊ की उजवीकडे या विचारात उभा राहतो.

परंतु खरे शिक्षण झाले ते गेल्या जूनमधील रेकीच्या, म्हणजे शर्यतीआधी वाट पाहून घेण्याच्या, दिवशी, स्कॅफेल पाइकवर. इंग्लंडमधील त्या सर्वांत उंच, ९७८ मीटरांच्या शिखरावर नुसत्या दगडांचे रान आहे आणि त्या दगडांवर पायवाट उमटत नाही. तिथून स्टाय हेडला जायचे तर वायव्येकडे उतरून लिंगमेलच्या खिंडीजवळ उजवीकडे वळायचे आणि कॉरिडॉर नावाची वाट पकडायची. वळण हुकले तर माणूस सरळ पश्चिमेला उतरत वॉसडेलमध्ये पोहोचतो, जिथून बॉरोडेलला मोटारीने यायचे तर कित्येक मैलांचा वळसा पडतो. उलट वळण बरोबर घेऊनही वाट न पकडता तसेच उत्तरेला उतरत गेले, तर पुढे पीअर्स गिलची घळ आहे, आणि तिथे वाट चुकलेल्यांचे हाल झाल्याच्या कथा मी आपल्याच तोंडून ऐकल्या होत्या. ढग इतका दाट होता की पंधरा पावलांपलीकडचा दगडही दिसत नव्हता. आपण माझ्या मागे होता. मी होकायंत्र छातीशी धरून मोठ्या ऐटीत निघालो. खिशातला फोन त्या सुईला खेचत होता, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

अर्धा तास आपण चकार शब्द बोलला नाहीत. आपल्या बुटांखाली सरकणारी खडी तेवढी ऐकू येत होती. अखेर, आपण कुठे आहोत हे मला सांगता येईना तेव्हा, आपण एकच प्रश्न विचारलात: "पायाखालचा उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे?" फोन पिशवीत टाकून मी होकायंत्र उताराच्या दिशेने धरले. उतार पश्चिमेचा होता. नकाशावरच्या समोच्चरेषा पाहिल्या, आणि आपण हॉलो स्टोन्सच्या वर, वॉसडेलच्या बाजूला उतरत आहोत हे माझे मलाच दिसले. त्यानंतर चुकीने उतरलेली सगळी उंची पुन्हा चढावी लागली. त्या चढावर मी आपल्याशी बोललो नाही, रागावलो होतो. पहिल्या पन्नास पावलांतच आपल्याला चूक कळली होती, मग अडवले का नाही, हे खिंडीत पोहोचल्यावर मी जरा तोऱ्यातच विचारले. आपण डब्यातली दशमी माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "पीअर्स गिलकडे वळला असतास तर दुसऱ्या पावलाला धरलं असतं. वॉसडेलला गेलास तर काय, पाय दुखतील."

काका, हे पत्र मुख्यतः त्या अर्ध्या तासाबद्दल आहे. आपले वय सत्तरीच्या पुढे, गुडघा कुरकुरत असलेला, आणि तरीही माझ्या चुकीची उतरण आणि चढण आपण माझ्यासोबत बिनतक्रार चाललात. बरोबर वाट दाखवणारे मला आयुष्यभर पुष्कळ भेटले, पण चुकीच्या वाटेवर सोबतीला येऊन गप्प राहणारे आपणच पहिले.

सामानाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण नव्या मंडळींना ते लागेल. शिवणींवर पट्टी असलेले पावसाळी जाकीट आणि पँट, टोपी, हातमोजे, शिट्टी, नकाशा, होकायंत्र आणि अडीअडचणीला खाणे. ही यादी मला ऑगस्टसाठी अतिरेकी वाटली होती. सीथवेट हे इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाचे गाव या शर्यतीच्या वाटेच्या कुशीतच आहे. महाबळेश्वरचा पाऊस पाहिलेल्याला त्याचे आकडे किरकोळ वाटतील, पण तो पाऊस गार असतो आणि वारा त्याला कपड्यांच्या आत ढकलतो.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी स्कॅफेल पाइकवर पुन्हा तोच ढग होता. पुढचे पाच-सहा जण लाल जाकीटवाल्या एका गड्याच्या मागे झपाझप डावीकडे उतरू लागले. पाय त्यांच्यामागे आपोआप वळत होते, आणि हीच आपण वर्णन केलेली घडी, हे ओळखायला मला जरा वेळच लागला. मी थांबलो, फोन कुठे आहे ते तपासले, दिशा घेतली आणि ओरडून त्यांना सांगितले. वाऱ्यात कुणाला ऐकू गेले की नाही, कोण जाणे. दोघे माझ्या मागे आले. मी इथे पहिल्यांदाच पळतो आहे, हे त्यांना बजावून सांगितले तरी ते हलेनात! जाणकार लोक खडीच्या घसरणीवरून थेट खाली जातात. मी मात्र खिंडीपर्यंत जाणारी लांबची, खात्रीची वाट धरली, आणि उजवीकडे वळून थोडे उतरल्यावर कॉरिडॉरची वाट पायाखाली आली. त्या क्षणी झालेला आनंद मला मॅरेथॉनच्या कुठल्याही पदकाने दिलेला नाही.

पुढची हकिगत फारशी देखणी नाही. ग्रेट गेबलच्या चढावर पोटऱ्यांत गोळे आले. वरून विंडी गॅप, ग्रीन गेबल, ब्रँडरेथ आणि मग कुंपणाच्या आधाराने होनिस्टर, हे सारे बिनचूक झाले, परंतु फार हळू झाले. होनिस्टरला पोहोचलो तेव्हा ठरलेली वेळ टळून गेली होती आणि माझी शर्यत तिथेच संपली. शर्यत सोडणाऱ्याने अखेरच्या ठिकाणी हजेरी लावल्याशिवाय घरी जायचे नाही, नाहीतर अंधारात माणसे आपल्याला डोंगरावर शोधत राहतात, हे आपण इतक्यांदा बजावले होते की रॉस्थवेटला उतरताच मी पाणी पिण्याआधी नाव नोंदवले.

आईला फोनवर या खेळाचे नाव पहिल्यांदा सांगितले, तेव्हा तिने "फेल म्हणजे नापास होण्याची शर्यत का रे?" असे विचारले होते. त्या संध्याकाळी मी तिला होय म्हणालो.

आपले होकायंत्र अजून माझ्याकडेच आहे. त्यात बारीक बुडबुडा आला आहे, पण सुई खरी चालते. होनिस्टरपासून डेल हेडमार्गे रॉस्थवेटपर्यंतचा तुकडा मी शर्यतीत पाहिलाच नाही, म्हणून येत्या रविवारी तेवढाच करावा असे मनात आहे. हवामान खात्याने ढग सांगितला आहे. गुडघा बरा असेल तर आपण मागून यावे, आणि नेहमीप्रमाणे काही बोलू नये, ही विनंती. दशम्या या वेळी मी आणतो.

आपला कृतज्ञ,
मागे वळून न पाहण्याचा सराव करणारा विद्यार्थी