ए-१०३ मधल्या लेथबद्दल: नोटिशीला उत्तर आणि एक विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, चिंचवड

विषय: सदनिका क्र. ए-१०३ मधील यंत्र १५ दिवसांत हलवण्याबाबत मिळालेली नोटीस

आदरणीय अध्यक्ष साहेब,

सप्रेम नमस्कार. गेल्या सोमवारी वॉचमनने आपली नोटीस आणून दिली. त्यातलं यंत्र म्हणजे माझा छोटा लेथ, धातूचा तुकडा (त्याला आम्ही जॉब म्हणतो) फिरवत ठेवून टूलने कापून आकार देणारं मशीन. सदनिकेत कारखाना चालतो, त्याचा आवाज होतो, जिन्यात धातूचे तुकडे सापडले, जिन्यातले दिवे गेले आणि मुलांना धोका आहे, असं त्यात लिहिलं आहे. यातल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत. माझी बाजू मांडण्याआधी त्या दोन्ही लिहितो.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी दीडच्या सुमारास वरच्या मजल्यावरचं बाळ दचकून उठलं, ते माझ्यामुळेच. त्या वेळी मी पार्टिंग करत होतो. म्हणजे फिरणाऱ्या जॉबमध्ये पात्यासारखं अरुंद टूल घालून तुकडा वेगळा करत होतो. मशीन हलकं असलं की पार्टिंग टूल कापता कापता थरथरतं आणि किंचाळतं. त्यात मी बेंच अँगलने भिंतीला बोल्ट केलं होतं, त्यामुळे ती थरथर भिंतीतून सरळ वर गेली. कंपनीत मशीनखाली काँक्रीटचं फाउंडेशन असायचं. भिंतीपलीकडे कुणाचं तरी घर आहे, याचा विचार माझ्या सवयीत नव्हता. त्याच संध्याकाळी वर जाऊन माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी बोल्ट काढले. आता बेंच भिंतीपासून चार बोटं सुटं आहे, चारही पायांखाली २५ मिमी जाडीचे रबरी पॅड आहेत. पार्टिंग मी पूर्ण बंद केलं आहे. तुकडा हाताने, हॅकसॉने कापतो.

जिन्यात एका मुलाच्या पायात घुसलेली पितळेची चिप, म्हणजे कापताना निघालेला तुकडा, तीही माझ्याच घरातली. स्टीलची चिप लांब गुंडाळी होऊन निघते, ती दिसते आणि उचलता येते. पितळेची तुटून सुईसारखी उडते आणि चपलेच्या तळाला रुतून बसते. मी रोज लोहचुंबक फिरवून जमीन साफ करत होतो, पण चुंबकाला पितळ चिकटत नाही. इतकी वर्षं हे माहीत असूनही मी लोखंडाची सवय पितळेला लावली, याचं मला फार वाईट वाटलं. आता त्या खोलीची चप्पल वेगळी आहे, ती उंबऱ्याबाहेर येत नाही. काम संपलं की आधी व्हॅक्युम आणि मग ओलं फडकं. मशीनभोवती पॉलिकार्बोनेटचं झाकणही बसवलं आहे.

जिन्यातल्या दिव्यांचा माझ्याशी संबंध नाही. माझी लाइन माझ्या मीटरवरून येते, जिन्याची वेगळी आहे. मशीनची मोटर ५५० वॅटची आहे, घरातला मिक्सर ७५० वॅटचा असतो. स्लॅबची काळजी कुणाला वाटत असेल तर तेही सांगतो. बेंच, मशीन आणि मोटारी मिळून ११० किलो भरतात आणि ते वजन १.२ बाय ०.६ मीटर जागेत आहे. म्हणजे चौरस मीटरला साधारण १५० किलो. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात.

कारखाना या शब्दाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. माझ्याकडे बाहेरचा एकही जॉब येत नाही, मी कुणाचं बिल फाडत नाही. मी शिकतो आहे.

मी औंधच्या आयटीआयमधून टर्नर झालो. १९८६ ते २०२१ अशी ३५ वर्षं भोसरीत लेथवर उभा होतो. नव्वदच्या दशकात आमच्या शॉपमध्ये पहिलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणारं मशीन आलं, तेव्हा प्रशिक्षणाला नवीन पोरांना पाठवलं. मला विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडून विचारलं नाही. जुन्या मशीनवर माझा हात बसलेला होता, मला तिथेच ठेवलं. रोज दहा पावलांवर ते मशीन आपोआप टूल बदलायचं, गोलाई काढायचं, आणि त्याला ते कसं कळतं हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. निवृत्तीच्या पैशातून मी एक छोटा लेथ घेतला. जास्तीत जास्त १८० मिमी व्यासाचा आणि ३५० मिमी लांबीचा जॉब बसेल असा, वजन सुमारे ४० किलो. तोच आता मी स्वतः सीएनसी करतो आहे.

काय बनवायचं आहे तेही सांगतो. माझ्या आईची माहेरची पितळी समई आमच्याकडे आहे. तिची दांडी तीन भागांची, एकात एक आट्यांनी बसणारी. मधल्या जोडाचे आटे पार झिजले आहेत. दर वर्षी गणपतीत आट्यांवर दोरा गुंडाळून ती उभी करतो, आणि दहा दिवस येता-जाता तिच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. मधला भाग नवा करायचा आहे. हातच्या लेथवर तो का होत नाही? दोन कारणं आहेत.

पहिलं कारण दांडीची गोलाई. लेथला दोन दिशा असतात. टूल जॉबच्या लांबीने सरकतं, आणि जॉबच्या आत-बाहेर होतं. सरळ काढायचं तर एकच चाक फिरवायचं. समईच्या दांडीवर मणी आहेत, कमळाच्या देठासारखी निमुळती वळणं आहेत. ती काढताना डाव्या हाताने एक चाक आणि उजव्या हाताने दुसरं, बरोबर प्रमाणात फिरवावं लागतं. मी हे आयुष्यभर केलं आहे. पायऱ्या पायऱ्या निघतात, मग कानस आणि पॉलिश पेपर मारून त्या बुजवायच्या. एक मणी छान येतो, दुसरा त्याच्यासारखा येत नाही. सीएनसीमध्ये दोन्ही स्क्रू एकाच वेळी मोटारी फिरवतात आणि वळणाचा हिशेब कॉम्प्युटर ठेवतो.

दुसरं कारण आटे. व्हर्नियर लावून दहा आटे मोजले तर २३.१ मिमी भरले. म्हणजे इंचाला ११ आट्यांचं जुनं माप. मिलिमीटरच्या लेथवर इंचाचे आटे अचूक काढायला १२७ दातांचं गिअर लागतं, आणि ते माझ्या मशीनच्या सेटमध्ये नाही. सीएनसीवर गिअर लागतच नाही. पिचच्या, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराच्या जागी २.३०९ लिहायचं, बस.

गेलं दीड वर्ष हेच चाललं आहे. लांबीच्या दिशेला १६ मिमी जाडीचा, एका फेऱ्यात ५ मिमी पुढे नेणारा बॉल स्क्रू (नटात छर्रे असलेला, फट जवळपास न ठेवणारा स्क्रू) बसवला. क्रॉस स्लाइडखाली, म्हणजे टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाखाली, जागा फार कमी, तिथे १२ मिमी जाडीचा, एका फेऱ्यात ४ मिमी नेणारा स्क्रू बसवायला सॅडल (त्या भागाची बैठक) आतून घासावं लागलं. ते काम मी महिनाभर कानशीने केलं. दोन्हीकडे स्टेपर मोटारी आहेत. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर एकेका पावलाचे आठ भाग करतो, म्हणजे १६०० ठोके. लांबीच्या स्क्रूवर मिलिमीटरला ३२० ठोके पडतात.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते प्लेने. जुन्या स्क्रूत आणि नटात फट असते. चाक उलटं फिरवलं की टूल लगेच हलत नाही, आधी ती फट भरून निघते. माझ्या मशीनवर क्रॉस स्लाइडला ती ०.२ मिमी होती. टर्नर ती मनगटाने सांभाळतो, जरा मागे घेऊन परत पुढे येतो आणि नेहमी एकाच बाजूने माप धरतो. हे मी कधी कुणाला शब्दांत सांगितलं नव्हतं, हातच करत होता. मोटरला मनगट नाही. डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावून दहा वेळा पुढे-मागे केलं तेव्हा काटा दहाही वेळा वेगळ्या जागी थांबला, आणि आपला हात इतकी वर्षं काय करत होता ते मला पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. बॉल स्क्रू त्यासाठीच घेतले.

चुका पुष्कळ झाल्या. कॉम्प्युटरला माप व्यासात सांगायचं की त्रिज्येत, हे आधी ठरवावं लागतं. मी ते उलटं ठेवलं आणि १ मिमी काढायचा होता तिथे २ मिमी निघाला. बी विंगमधला डिप्लोमाचा विद्यार्थी शनिवारी येतो, त्याने ते शोधून दिलं. लेथ चालवणारं लिनक्स सीएनसी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याचं मूळ अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत नव्वदच्या दशकात झालेल्या कामात आहे. माझ्यासारख्या पेन्शनरला हे परवडतं ते त्यामुळेच. ते जुन्या प्रिंटर पोर्टच्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर चालतं.

आट्यांनी मात्र तीन महिने घेतले. आटे एका कटमध्ये होत नाहीत. आठ-दहा वेळा टूलला त्याच खाचेतून, दर वेळी थोडं खोल जावं लागतं. त्यासाठी चक, म्हणजे जॉब धरून फिरणारा भाग, नेमकं कुठे आहे हे कॉम्प्युटरला प्रत्येक फेऱ्यात कळावं लागतं. स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) पट्ट्याने जोडलेला एन्कोडर ते कळवतो. मी आधी गोल रबरी पट्टा लावला होता. तो किंचित घसरायचा, आणि दुसरा कट पहिल्या आट्याच्या डोक्यावर पडून सगळं चुरडून जायचं. शेवटी सारख्या दातांच्या दोन पुली आणि दातेरी पट्टा आणला. १२ मिमीचा पितळी रॉड, पिच १.७५. टूल पहिला कट घेऊन बाहेर आलं, मागे गेलं, क्षणभर थांबलं, आणि पुन्हा आत उतरलं ते त्याच चकाकत्या रेषेत. कटिंगचा आवाजही बदलला, खरखर जाऊन रेशीम फाटल्यासारखा आला. नऊ कट झाल्यावर हार्डवेअरच्या दुकानातला नट दोन बोटांनी शेवटपर्यंत गेला. साहेब, आयुष्यात हजारो आटे काढले, पण त्या रात्री मी तो रॉड उशाशी घेऊन झोपलो.

आवाजाबाबत एक गोष्ट समितीच्या लक्षात आलेली नसेल. या बदलाने मशीनचा आवाज कमी होतो. आधी टूल लांबीने सरकवणारा लीड स्क्रू फिरवायला गिअरची माळ होती, सतत खडखड करणारी. ती मी आता काढून टाकली आहे. उरतो तो कटिंगचा आणि स्टेपर मोटरचा बारीक सूर. सन २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. फोनवरचं मोजमाप पक्कं धरता येत नाही, म्हणून मी आकडा सांगत नाही. वरच्या घरात काय ऐकू येतं, तेच खरं.

मुलांबद्दल: १८ वर्षांखालील कुणालाही मी त्या खोलीत घेत नाही. बी विंगचा विद्यार्थी १९ वर्षांचा आहे आणि त्याच्या वडिलांना विचारूनच येतो. चष्म्याशिवाय मशीन सुरू होत नाही. हातमोजे, लांब बाह्या, गळ्यातला धागा, काहीही चालत नाही, कारण फिरतं चक कापड धरलं की सोडत नाही. झाकण उघडलं की मोटर बंद पडते, आणि लाल स्टॉप बटण दाराच्या बाजूलाच आहे.

आता माझी विनंती. येत्या रविवारी सकाळी ११ वाजता समितीतल्या दोघांनी यावं. एकाने माझ्याकडे थांबावं, पण दुसऱ्याने वरच्या मजल्यावर त्या घरात बसावं. त्यांच्याशी मी बोललो आहे, त्यांची हरकत नाही. मी अर्धा तास पितळ आणि स्टील दोन्ही कापून दाखवतो. त्रास होतो असं वर बसलेल्याने सांगितलं, तर त्या दिवसापासून घरात धातू कापणं बंद. मग जॉब न लावता मशीन नुसतं हवेत चालवून प्रोग्राम शिकेन. त्रास होत नाही असं ठरलं, तर सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढीच वेळ मला द्यावी. रविवारी दुपारी मशीन बंदच राहील. बाळाची झोपेची वेळ बदलली तर त्याच्या आईने मला फक्त फोन करावा.

कायमचा उपाय म्हणून पंपरूमशेजारची जुनी मीटर रूम सुचवतो. मीटर बाहेर हलवल्यापासून ती रिकामी आहे, तळमजल्यावर आहे आणि तिच्यावर कुणाचं घर नाही. ती सगळ्यांची जागा आहे, त्यामुळे एकट्या समितीने ती मला द्यावी असं मी म्हणत नाही. ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. सभा ठरवेल ते भाडं मी देईन, वायरिंग आणि वेगळा सबमीटर माझ्या खर्चाने करेन, आणि सभेने खोली परत मागितली तर महिन्याभरात रिकामी करून देईन. तोपर्यंत १५ दिवसांची मुदत स्थगित ठेवावी.

जिन्यात पायाला चिप लागलेल्या मुलाच्या घरी मी पुन्हा जाऊन आलो. त्याच्या आजीने समई बघायला मागितली. गणपतीआधी मधला भाग तयार झाला तर जोडून त्यांना दाखवायला नेणार आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. ए-१०३

प्रत: सचिव व खजिनदार