विसार तुझ्या खात्यात नको

चि. जुईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन आधी कुणी ठेवला, आता आठवत नाही. दोघींचे आवाज चढले होते एवढं खरं. नोकरी सोडून स्वतःच्या जबाबदारीवर तू दलाल म्हणून फ्लॅटविक्रीचा पहिला व्यवहार घेतलास, त्याचं मला किती कौतुक वाटतं ते सांगायचं राहूनच गेलं. पण खरेदीदाराने विसाराचे, म्हणजे सौदा पक्का करायच्या आगाऊ रकमेचे, दोन लाख तुझ्या खात्यात टाकले हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," म्हणालीस. प्रश्न दिवसांचा नाही गं. साठेखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, प्रत्येक रक्कम कुणाच्या खात्यातून कुणाच्या खात्यात गेली ते तारीख, बँक आणि व्यवहार क्रमांकासह लिहितात. तिथे तुझं नाव कुठल्या नात्याने घालणार? कर्ज देणारी बँक खरेदीदाराच्या स्वतःच्या हिश्श्याचा पुरावा मागेल, तेव्हा तिला विक्रेत्याच्या खात्यातली जमा आणि विक्रेत्याची पावती लागेल. शिवाय किंमत ५० लाख किंवा जास्त असली की खरेदीदाराला प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापावा लागतो, विसारातूनसुद्धा, आणि तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरावा लागतो. पैसे तुझ्याकडे थांबले तर विक्रेत्याला ते कधी मिळाले म्हणायचे? आणि व्यवहार फिसकटला तर दोन्ही बाजू तुझ्याच दारात उभ्या राहणार. अप्पांच्या वेळचं तुला माहीत आहे, ते पुन्हा उगाळत नाही.

खरं तर विसार ही पहिली पायरीच नव्हे. आधी कागद. बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजच्या मालकापर्यंतचा प्रत्येक दस्त, त्याची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा), सगळं ओळीने लावून बघ. मधला एक दस्त गहाळ असला तरी बँकेचा वकील फाइल परत पाठवतो, आणि हे कळतं तेव्हा विसार देऊन महिना झालेला असतो. मालकांपैकी कुणी वारलं असेल तर सोसायटीतला नॉमिनी आला म्हणून भागत नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांच्या सह्या किंवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल. आधार, पॅन आणि जुना करार यांवरची नावं अक्षर न् अक्षर जुळव. विक्रेत्याचं पॅन आधारला जोडलंय का तेही आत्ताच विचार. नसेल तर १ च्या जागी २० टक्के कापायची वेळ येते, आणि विक्रेता ते तुझ्या माथी मारतो.

शाळेत असताना तू रात्रीच दप्तर भरून दाराशी ठेवायचीस. तुझी ती शिस्त बघून मला फार बरं वाटायचं. पण सकाळी ते पुन्हा उघडून बघायची नाहीस, आणि वेळापत्रक बदललेलं असलं की भूगोलाच्या तासाला संस्कृतची वही निघायची. रडत घरी यायचीस. बाबा म्हणायचे, रागावू नकोस, तयारी तर तिने केली होती ना.

मी पुन्हा शिकवायला लागले. पण या विक्रेत्यावर कर्ज आहे म्हणालीस म्हणून एवढं सांगतेच. असे व्यवहार अडतात ते मूळ कागदांपाशी. त्याच्या बँकेकडून दोन पत्रं आजच मागवायला सांग: थकबाकीचं, आणि बँकेकडे कोणकोणते मूळ दस्त जमा आहेत त्याच्या यादीचं. ती यादी तू ओळीने लावलेल्या दस्तांशी पडताळून बघ. खरेदीदाराच्या बँकेचा पहिला चेक थेट विक्रेत्याच्या कर्जखात्याच्या नावाने निघायला हवा, हे साठेखतात लिहून घे. पूर्ण फेड झाल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. तेव्हा ताब्याची तारीख ठरवताना हे ३० दिवस मोजूनच ठरव.

विसार पावतीत "व्यवहार रद्द झाल्यास" असं मोघम लिहू नकोस. कर्ज नामंजूर झालं तर काय, कागदात खोट निघाली तर काय, विक्रेता फिरला तर काय आणि खरेदीदार फिरला तर काय, ही चार वेगळी वाक्यं हवीत. प्रत्येकात किती रक्कम, किती दिवसांत परत, ते आकड्यात. सगळ्या मालकांच्या सह्या. रोख अजिबात नको; २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो. आणि तुझी दलाली विसारातून वळती करून घेऊ नकोस. ती वेगळ्या पत्रावर लिहून घे, किती आणि कुठल्या टप्प्यावर.

खरेदीदार एकटी बाई आहे ना? मग मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळेल. मात्र ऐनवेळी नवऱ्याचं नाव घालायचं ठरलं तर ती सवलत जाते आणि भरलेलं चलन कमी पडतं. हे आत्ताच विचारून ठेव, दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या दारात नको. पब्लिक डेटा एंट्री, म्हणजे नोंदणीआधी दस्ताची माहिती ऑनलाइन भरणं, केलीस की तिची प्रत काढून आदल्या दिवशी दोघांना मोठ्याने वाचून दाखव: फ्लॅट क्रमांक, मजला, कार्पेट क्षेत्रफळ, पार्किंग. सूचीत चुकलं की चूक दुरुस्ती लेखासाठी दोघांना पुन्हा बोलवावं लागतं, आणि पैसे मिळालेला विक्रेता मग लवकर येत नाही.

सोसायटीचं ना-हरकत पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, शेअर सर्टिफिकेट हे तुला ठाऊक आहेच. फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायचा हस्तांतर प्रीमियम सोसायटी २५,००० च्या वर मागत असेल तर नियम दाखव, वाद घालू नकोस. आणि दर शुक्रवारी दोन्ही बाजूंना एकच मजकूर पाठव: काय झालं, काय राहिलं, कुणाकडे. वेगवेगळं कानावर गेलं की संशय येतो.

फार लिहिलं. तू माझ्यापेक्षा माणसं चांगली ओळखतेस. तुझ्या एका शब्दावर त्या बाईने दोन लाख टाकले, याचा अभिमान वाटतो, आणि त्याचीच भीती वाटते. मी सत्तावीस वर्षं दस्तच वाचले, माणसं नाहीत, म्हणून मला आधी कागद दिसतो. काल "तुला काही कळत नाही" म्हणाले ते मनाला लावून घेऊ नकोस.

उद्या बँक उघडली की ज्या खात्यातून आले त्याच खात्यात पैसे परत पाठव, शेऱ्यात "विसार परत" लिही आणि तिच्याकडून पोचल्याचा मेसेज घे. मग विसार पावती झाली की ती बाई पैसे थेट विक्रेत्याला देईल. झालं की मला फक्त "गेले" एवढं कळव, कितीही वाजले तरी.

तुझी,
आई