सेवाग्रामची शाळा बघायला या, मंत्रिमहोदय

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून 'प्रकल्पाधारित शिक्षण' हे शब्द परिपत्रकांतून सतत भेटतात. गावाकडे त्याचा अर्थ स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी छापील प्रकल्पवही असा झालाय. चित्रं कापा, चिकटवा, निष्कर्षसुद्धा तयार. रात्री आई ती पूर्ण करते आणि सकाळी तिला 'अ' श्रेणी मिळते! कार्यानुभवाचं आपण हेच करून ठेवलं होतं.

म्हणून एकदा वर्ध्याला या. हाताच्या कामातून शिकवायचं, ही गांधीजींची 'नई तालीम'; तिच्यासाठी १९३७ च्या ऑक्टोबरात इथेच शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पुढे हिंदुस्तानी तालीमी संघाच्या वतीनं आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्यानं सेवाग्रामात नई तालीमची शाळा उभी केली. नंतर ती बंद पडली ती पडलीच. २००५ साली नई तालीम समितीनं त्याच आवारात 'आनंद निकेतन' या नावानं शाळा पुन्हा सुरू केली. माध्यम मराठी. मुलं वाफे करतात, सूत काततात, पाळीनं स्वयंपाकघरात राबतात, आणि त्यातूनच गणित-विज्ञानाकडे जातात.

हे कसं जमतं? झाकिर हुसेन समितीच्या अहवालात गुंडी, म्हणजे सुताची लड, मोजली आहे ६४० वेढ्यांची, एक वेढा ४ फुटांचा. म्हणजे गुंडीत २,५६० फूट सूत. तासाला किती वेढे निघाले, धागा किती वेळा तुटला, पावसाळी हवेत पेळू (कातायची कापसाची वळी) का बिघडतो, आपल्या वर्धेच्या कापसाला भाव कोण ठरवतं? एका टकळीतून, म्हणजे सूत कातायच्या साध्या चातीतून, गणित, विज्ञान आणि अर्थशास्त्र निघतं, पण शिक्षकाला ते काढायला वेळ मिळाला तर.

मुलांच्या सूतविक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची कल्पना मात्र मला कधी पटली नाही. अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी तेव्हाच त्यावर कडाडून टीका केली होती, आणि ती रास्तच होती. पगार सरकारनंच द्यायचा.

आणि टकळी तरी कशाला हवी? जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत पोषण आहार शिजतो. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. आजची हजेरी इतकी, तर तांदूळ किती, डाळ किती, पोतं कधी संपेल? हा हिशेब मुख्याध्यापक एकटे मान खाली घालून रजिस्टरात लिहितात, मग मोबाइलवर भरतात. पाचवीच्या पोरांना तो करू द्या. मागच्या परसबागेतली मेथी कितीला पडली तेही त्यांनाच काढू द्या. आज परसबागेचं मुख्य पीक फोटो हेच आहे.

यासाठी नवी योजना नको, नवं नाव तर मुळीच नको. शिक्षकांच्या डोक्यावरची ऑनलाइन माहितीची कामं काढा आणि तालुक्याला त्यासाठी वेगळा माणूस द्या. छापील प्रकल्पवही तपासणीत ग्राह्य धरू नका. आणि १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा, शासननिर्णय मागे घ्या. पट कमी म्हणून शिक्षक काढला तर राहिलेला एकटा माणूस वर्ग जोडून कसाबसा दिवस ढकलतो. त्याच्याकडून कुठला प्रकल्प होणार? उलट पंधरा-वीस मुलांची शाळा या पद्धतीला फार सोयीची. सगळी मुलं एका वाफ्याभोवती मावतात.

सेवाग्रामला याल तेव्हा शाळेच्या वेळात या. उद्घाटनाची फीत, सत्कार, ढोलताशे काही ठेवू नका, म्हणजे मुलांचा दिवस मोडणार नाही. सोबत वित्त विभागाच्या एखाद्या अधिकाऱ्याला आणा. संचमान्यतेचा प्रश्न शेवटी त्यांच्याच टेबलावर अडतो.

आपला,
वर्धा जिल्ह्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक