मारबत पुस्तकात नाही म्हणून मार्क कापला

माननीय संपादक साहेब,
नमस्कार. पोरगी सातवीत आहे माझी. युनिट टेस्टमध्ये प्रश्न आला, इतिहासाच्या मौखिक साधनांची तीन उदाहरणं लिहा. तिनं लिहिलं ओव्या, पोवाडे आणि काळ्या मारबतीची गोष्ट. मारबत म्हणजे आमच्या नागपुरात मिरवणुकीनं नेऊन जाळतात तो बाईचा मोठा पुतळा. मारबतीवर लाल रेघ अन् बाजूला शेरा, 'पुस्तकातील उदाहरण लिहावे'. एक मार्क गेला, त्याचं काही नाही, पण मॅडमला विचारलं तर म्हणतात अहो ती मिरवणूक आहे, इतिहास थोडीच आहे.

आता आम्ही राहतो इतवारीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत पब्लिक दारावरून जाते, काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून असं सगळेच सांगतात, अन् माझी आजी सांगायची की काळी म्हणजे नागपूरच्या भोसल्यांची राणी बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून तिला दरवर्षी जाळायचं. हे मौखिक साधन नाही तर काय आहे?

गोष्ट जशीच्या तशी खरी माना असं मी म्हणतच नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीवर इंग्रजांशी लढले आणि हरले ते राजे आप्पासाहेब भोसले. नंतर गादीवर तिसरे रघुजी बसले ते लहान पोरगं होतं, वाड्यात बाकाबाईंचा शब्द चालायचा पण राज्याचा कारभार रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेनकिन्सच्या हातात. म्हणजे सगळं खापर एका बाईच्या डोक्यावर फोडणं जरा सोपंच झालं. पण जेनकिन्सचा नागपूर राज्यावरचा १८२७ चा रिपोर्ट तरी कोणी लिहिला, ज्यानं राज्य चालवलं त्यानंच ना? तो कागदावर आहे म्हणून पक्का आणि आजीची गोष्ट म्हणजे गप्पा, हे मला पटत नाही, दोन्ही तपासूनच घ्यावे लागतात. लढाईनंतर चौसष्ट वर्षांनी मारबत आली, बाकाबाईचं नाव तिला तेव्हाच चिकटलं की मागाहून, एवढं जरी पोरांनी घरोघरी म्हाताऱ्यांना विचारून आणलं तरी साधन कसं तपासतात ते समजेल.

भौतिक साधनांचंही तेच. पुस्तकात हडप्पा असतं ते बरोबरच आहे, पण काटोल रोडला जुनापाणीला महापाषाण काळातली शिळावर्तुळं आहेत, सिटीतून तासाभरात जाऊन येता येतं, आमच्या पोरीच्या वर्गातल्या एकाही पोट्ट्यानं पाहिली नाहीत. अजब बंगला, म्हणजे इथलं म्युझियम, तरी दाखवतात, तेही कधीमधी, अन् तिथं पोरं वाघापुढेच जास्त वेळ उभी राहतात.

एक विनंती तुमच्यासाठी. मारबतीसोबत बडगे, म्हणजे दुसरे पुतळे, निघतात, त्यांच्यावर दरवर्षी नवीन पाट्या असतात, महागाई, खड्डे, कोणाचा घोटाळा, जे डोक्यात असेल ते. कोणत्या वर्षी नागपूरकर कशावर चिडले होते ते या पाट्यांवर जसं सापडेल तसं सरकारी फाईलीत सापडायचं नाही, पण बडगा संध्याकाळपर्यंत जळून जातो. तुमच्या कचेरीत जुने फोटो असतीलच. पोळ्याच्या आठवड्यात दहा-वीस फोटो सालासकट छापा ना, पाटीवरचं वाचता येईल एवढे मोठे. पोरगी कात्रणं वहीत चिकटवते म्हणाली, मॅडमला दाखवायला.

तुमचा एक वाचक,
इतवारी, नागपूर