पाय घसरला नव्हता : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय जय भीम.

सेप्टिक टँकमध्ये किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सफाई कामगार मेला की पोलिसांच्या कागदावर बहुतेक वेळा एकच वाक्य येतं : 'पाय घसरून आत पडला.' एका टाकीत तिघे मेले तरी वाक्य तेच. खरं तर पहिल्याला कामासाठी उतरवलेलं असतं आणि दुसरा-तिसरा त्याला वर काढायला उतरलेला असतो. आत नेमकं काय होतं ते आधी सांगतो, कारण सुरक्षा साधनांच्या नावाखाली चाललेली फसवणूक त्याशिवाय दिसत नाही.

बंद टाकीत मैला कुजतो आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. कामगाराला वाटतं, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. सातशे ते हजार भागांपर्यंत गेला की दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. झाकण काढून तासभर ठेवण्याची पद्धत आहे, पण त्याने वरची हवा बदलते, तळाची नाही. शिवाय बांबूने गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. म्हणून उतरण्याआधी एकदा तपासणी केली आणि वायू मोजणारा मीटर पेटीत ठेवला, असं चालत नाही. वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन पातळ्यांवर तपासणी हवी, ब्लोअर चालू हवा आणि काम संपेपर्यंत मीटर कामगाराच्या अंगावर हवा. काडी पेटवून बघणं तर थेट घातक आहे : मैल्यातून निघणारा मिथेन हवेत ५ टक्के झाला की भडका उडतो.

आता किट, म्हणजे सुरक्षा साधनांचा संच. एरवी हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की आत पाऊलच टाकायचं नाही. कापडी मास्क सोडा, फिल्टर लावलेला मास्कही इथे कुचकामी आहे, कारण फिल्टर हवा गाळतो, प्राणवायू आणत नाही. बाहेरून नळीने हवा पुरवणारा किंवा पाठीवर सिलिंडर असलेला संचच लागतो. चेंबरच्या तोंडावर तिपाई, तिला विंच, कामगाराच्या अंगात खांद्यापासून मांड्यांपर्यंतचा हार्नेस आणि बाहेर सतत एक माणूस. प्रत्यक्षात असतो तो कमरेला बांधलेला दोर. बेशुद्ध माणूस कमरेच्या दोराने ओढला की कमरेत दुमडतो आणि चेंबरच्या दोन फुटी तोंडात अडकतो. वरचे ओढत राहतात, तो वर येत नाही, मग कुणीतरी श्वास रोखून उतरतो. दुसरा मृत्यू असा होतो. घाण सहन व्हावी म्हणून उतरण्याआधी ठेकेदार दारू पाजतो, तेव्हा तर उरलीसुरली सावधगिरीही जाते.

हाताने मैला उचलण्याला बंदी घालणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, अमलात आला. कलम ७ प्रमाणे कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी गटार अथवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस लावू शकत नाही. म्हणजे त्यात सोसायटीचा सेक्रेटरी आला, हॉटेलमालक आला, ठेकेदार आला. कलम ९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पळवाट आहे ती 'धोकादायक'च्या व्याख्येत. सुरक्षा साधनं न देता, खबरदारी न घेता केलेली सफाई धोकादायक, असं व्याख्या म्हणते. म्हणून मृत्यूनंतर फाइलमध्ये 'किट दिलेले होते' असा कागद लागतो आणि प्रकरण सैल होतं. वास्तविक त्याच कायद्याचे नियम सांगतात की साधनांसह माणूस उतरवणं हासुद्धा अपवादच आहे, आणि नियमांत दिलेल्या मोजक्या कारणांच्या यादीत नसलेल्या कारणासाठी उतरवायचं झालं तर स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची सकारण लेखी परवानगी लागते. आमची पहिली मागणी त्यामुळे साधी आहे : प्रत्येक मृत्यूत तपास अधिकाऱ्याने ती लेखी परवानगी मागावी आणि ती नसेल तर किटच्या पावतीला काडीची किंमत देऊ नये.

गुन्हा नोंदवतानाही असंच होतं. निष्काळजीपणाने मृत्यू, पूर्वीचं दंड संहितेचं कलम ३०४-अ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, एवढं लावून मुकादमाला आरोपी केलं जातं. २०१३ च्या कायद्याचं कलम राहून जातं. मृत व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(जे) लागू शकतं, कारण २०१६ पासून अमलात असलेल्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला हाताने मैला उपसायला लावणं हाच अत्याचार मानला आहे. ते लावलं की तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या अंमलबजावणीचं काम आपल्याच खात्याकडे आहे. गृह खात्याबरोबर एक संयुक्त परिपत्रक काढायला फार वेळ लागू नये.

भरपाईबद्दल शंका राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवले होते, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मृत्यूसाठी ३० लाख, कायमच्या अपंगत्वासाठी २० लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान १० लाख केले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये खासगी सोसायटीतल्या मृत्यूंच्या प्रकरणात सरकारलाच आधी पैसे द्यायला सांगितलं, वसुली नंतर जबाबदार माणसांकडून. तरीही विधवेला 'ठेकेदाराकडे मागा' असं उत्तर मिळत असेल, तर तो न्यायालयाचा अवमान आहे.

पण हे सगळं कागदावर असूनही का अडतं? कारण हे काम कुणी करायचं हे समाजाच्या मनात अजून पक्कं आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम कोसळून चोखोबा आणि त्यांच्याबरोबरची माणसं गाडली गेली, ते वर्ष परंपरा १३३८ सांगते. जातीने वाट्याला आलेलं काम करताना माणसं मेली. पंढरपुरात नामदेव पायरीजवळच्या त्या समाधीवर आपण सगळेच डोकं टेकवतो, मंगळवेढ्यात ते काम त्यांना कुणी वाटून दिलं होतं याचा विचार मात्र करत नाही. शुद्ध-अशुद्धाची ही वाटणी मोडायचे दोन मार्ग विसाव्या शतकात पुढे आले. गांधीजींनी भंगीकामाला पवित्र मानलं, ते सवर्णांनी स्वतः करावं असा आग्रह धरला. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात ते काम मिळावं म्हणून उपवास केला, त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात केला. पुढे अप्पासाहेब माणसाला ताजा मैला हाताळावाच लागू नये अशा साध्या संडासाच्या मागे लागले, आणि त्यांच्या कामातली ही गोष्ट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. बाबासाहेबांचं म्हणणं वेगळं होतं : जात ही कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची विभागणी आहे, आणि घाणीच्या कामाचा गौरव केल्याने त्याला जखडलेला माणूस सुटत नाही. आम्ही बाबासाहेबांच्या बाजूचे आहोत. आपल्या खात्याची भाषा मात्र अजून गौरवाचीच असते : सत्कार, स्वच्छतादूत, शाल-श्रीफळ.

लाड-पागे समित्यांच्या शिफारशींवर उभ्या राहिलेल्या वारसा हक्काकडे, म्हणजे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी देण्याच्या धोरणाकडे, याच नजरेने पाहावं लागतं. ते धोरण काढून घ्या असं आम्ही म्हणत नाही. ठेकेदारीच्या काळात मेहतर, वाल्मिकी, रुखी कुटुंबांपाशी कायम नोकरीचा तेवढाच आधार आहे. पण बापाच्या जागी बी.कॉम. झालेल्या मुलीच्या हाती पुन्हा झाडूच येणार असेल, तर सरकारी आदेशाने जातीचं काम पुढच्या पिढीकडे सरकतं. वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे लिपिक, चालक, तंत्रज्ञ, परिचारिका अशा पदाचा हक्क द्या आणि घाणभत्त्याचं गाजर दाखवून त्याला सफाईतच थांबवू नका.

यंत्रांचं म्हणाल तर ती घेतली जातात, पण गल्लीत शिरत नाहीत. व्हॅक्यूम टँकरचा पाइप झोपडपट्टीच्या मधल्या घरापर्यंत पोचत नाही. टाकी स्वयंपाकघराच्या फरशीखाली, झाकणाविना. दहा-पंधरा वर्षं उपसा न झाल्याने तळाचा गाळ दगडासारखा होतो, टँकर वरचं पाणी ओढून निघून जातो आणि उरलेल्यासाठी बादली घेऊन माणूस उतरतो. उपाय दूरचा नाही. साताऱ्यातल्या वाई आणि नाशिकमधल्या सिन्नर या नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता वॉर्डावॉर्डाने सुमारे तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकी उपसायची पद्धत बसवली. वेळेवर उपसलेला गाळ पातळ राहतो, पाइपने निघतो. अरुंद गल्ल्यांसाठी हैदराबादच्या जलमंडळाने २०१७ मध्ये पाण्याच्या जोरदार झोताने गटार साफ करणारी ७० छोटी जेटिंग यंत्रं आणली, दिल्लीने २०१९ मध्ये २००. दोन्हीकडे पुण्यात स्थापन झालेल्या दलित उद्योजकांच्या संघटनेचा हात होता. यंत्राची मालकी कालपर्यंत गटारात उतरणाऱ्याकडे आली तर पुनर्वसन या शब्दाला काही अर्थ येईल. सरकारी पुनर्वसन योजनेतल्या ४० हजारांच्या एकरकमी मदतीने तो येत नाही.

कायद्याप्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी आणि राज्य संनियंत्रण समितीची दर सहा महिन्यांनी व्हायला हवी. येत्या ६ डिसेंबरपूर्वी राज्य समितीची बैठक घ्या. मागच्या सर्व बैठकांची इतिवृत्तं आणि १९९३ पासूनच्या मृतांची जिल्हावार यादी, मिळालेल्या भरपाईच्या रकमेसह, खात्याच्या संकेतस्थळावर टाका. त्या यादीत ज्यांची नावं आलेली नाहीत, त्यांच्या घरची माणसं कागदपत्रं घेऊन आमच्याबरोबर यायला तयार आहेत. भेटीची वेळ कळवावी.

आपले,
सफाई कामगारांच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते