विषय: ‘व्होल्टेजचं टेन्शन घेऊ नका’ म्हणून विकलेल्या ट्यूब ॲम्पबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी वडसा-देसाईगंजचा. झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवतो. दिवाळीनंतर सीझन लागला की रोज नवं गाव, नाटक रात्री उभं राहतं ते पहाटेपर्यंत. वीज कधी गावच्या डीपीवरची, कधी भाड्याच्या जनरेटरची. हे सगळं मी तुमच्या विक्री प्रतिनिधीला व्हॉट्सॲपवर लिहून कळवलं होतं आणि सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा ॲम्पच मागितला होता. ‘ट्रान्झिस्टरला तो गोडवा नाही, व्होल्टेजचं टेन्शन घेऊ नका,’ असं उत्तर देऊन त्यांनी १५ वॅटचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ट्यूब ॲम्प गळ्यात मारला.

गोडवा आहे, खोटं कशाला बोलू? खलनायकाच्या एन्ट्रीला तार ओढली की मांडवातून शिट्ट्या येतात.

पण ट्यूब आतून तापवणाऱ्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, त्यात दहा टक्के वर-खाली चालतं. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे २३० चे १७० होतात, म्हणजे हीटरला जेमतेम ४.७. आवाज मरगळतो. उलट स्टेजचे हॅलोजन एकदम बंद झाले की जनरेटर २६० वर जातो, तेव्हा ट्यूबमधल्या प्लेटचं व्होल्टेजही चढतं. तिसऱ्याच प्रयोगात, ऐन दुसऱ्या अंकात, एक ईएल८४ ट्यूब आतून लालबुंद झाली आणि फ्यूज उडाला. ऑर्गनवाल्याचा जुना ट्रान्झिस्टर ॲम्प त्याच जनरेटरवर सकाळपर्यंत वाजला. माझी त्या रात्रीची बिदागी अर्धी कापली गेली.

नागपूरच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत ते धूड एसटीने नेलं. तिथं म्हणाले, ट्यूब झिजणारा भाग, वॉरंटीत नाही. ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर तो व्होल्टेजमुळे, तोही नाही. मग वॉरंटी कशाची, खोक्याची? ज्या कारणावरून आता हात झटकता, तेच मी पैसे भरायच्या आधी विचारलं होतं.

हा ॲम्प परत घ्या, सॉलिड-स्टेट द्या आणि किमतीतला फरक खात्यात जमा करा. १५ दिवस थांबतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तेव्हा तारखेला तुम्हालाच गडचिरोलीला यावं लागेल. बिल आणि व्हॉट्सॲपच्या संभाषणाची प्रत जोडली आहे.

फुकट नव्या ट्यूबा मात्र पाठवू नका. जनरेटर तोच आहे.

आपला ग्राहक,
ता. देसाईगंज, जि. गडचिरोली