ऊन कडक म्हणून वाईन चांगली?

संपादक महोदय,

‘यंदा ऊन भरपूर, म्हणजे वाईन झकास’ हे द्राक्ष हंगामाच्या बातम्यांतलं ठरलेलं वाक्य. शार्डोने या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाच्या बाबतीत ते निम्मंच खरं आहे.

या जातीचा डोळा (नव्या कोंबाची कळी) लवकर फुटतो, त्यामुळे वसंतातल्या दहिवराचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा, पहिला तडाखा तिलाच बसतो. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधल्या शाब्लीत हेच झालं. हिरवा कोंब उणे दोन अंशांच्या आसपास करपू लागतो. तुषार सिंचन लावलं तर पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि कोंब वाचतो. पण ते बर्फ वितळेपर्यंत चालूच हवं. मध्येच बंद पडलं तर बाष्पीभवनाने कोंब आणखी गारठतो. कोंब करपल्यावर दुय्यम डोळे फुटतात खरे, पण त्यांना घड कमी लागतात आणि ते उशिरा पिकतात. एकाच वेलीवर दोन वयाचे घड आले, की तोडणीची तारीख ठरवणं अवघड होतं. फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला तर गळ होते, शॉट बेरी, म्हणजे न वाढलेले बारीक मणी, राहतात.

खरी परीक्षा मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागल्यावर. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असेल तर साखर चढते, आम्लही टिकतं. रात्रीही उकाडा राहिला तर द्राक्षातल्या दोन मुख्य आम्लांपैकी मॅलिक झपाट्याने घटतं. टार्टारिक त्या मानाने तग धरतं. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्सच्या बर्गंडी भागात तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली आणि आम्लाची उणीव अनेक पांढऱ्या वाईनना भोवली. साध्या वाईनसाठी साधारण २२ ते २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), स्पार्कलिंग म्हणजे फसफसत्या वाईनसाठी १८-१९ पुरे. पण नुसत्या ब्रिक्सवर तोडणी ठरवू नये. पीएच (आंबटपणा घटला की हा आकडा वाढतो) ३.५ च्या वर गेला की सल्फाइट या वाईन टिकवणाऱ्या द्रव्याचा प्रभाव घटतो, रस बिघडायला वेळ लागत नाही.

ऐन तोडणीत पाऊस आला तर पातळ सालीचे मणी तडकतात, दाट घडात बोट्रायटिस ही कूज आणणारी बुरशी शिरते. तिचं लॅकेस विकर रस तपकिरी करतं आणि सल्फाइटला फारसं दबत नाही. कूज दिसली तर ब्रिक्सची वाट न पाहता, सडके मणी वगळून घड उतरवावेत.

वायनरीत थोडी डागडुजी होते: थंड वर्षी मॅलोलॅक्टिक (जिवाणू मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात ती प्रक्रिया) होऊ देऊन आंबटपणा मऊ करतात, उष्ण वर्षी ती रोखतात. मात्र रोखलेली वाईन निर्जंतुक गाळणीतून न काढता भरली, तर तीच प्रक्रिया बाटलीत सुरू होऊ शकते.

म्हणून विनंती, हंगामाच्या बातमीत दिवसाच्या कमाल तापमानाबरोबर रात्रीचं किमान तापमान आणि तोडणीच्या वेळचा पीएचही छापावा.

– एक वाचक